खिशातले हात

पहिले सात-आठ महिने मी त्यांचे हात पाहिलेच नव्हते. माणूस दिसायचा तो असा: मागे वळवलेले पांढरे केस, गुडघ्यापर्यंत येणारा जाड कापडाचा गडद निळा कोट, आणि कोटाच्या दोन मोठ्या खिशांत मनगटापर्यंत खुपसलेले दोन हात. आयर्लंडमध्ये थंडीमुळे सगळेच हात खिशात घालून हिंडतात, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही. पण मे महिन्यात, इथे ज्याला ऊन म्हणतात ते पडलेलं असताना, शेजारचा आयरिश माणूस उघड्या अंगाने लॉन कापत असताना, हे आपले परसात कोट घालून उभे. हात खिशात.

नावन या छोट्या गावात आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून होती. पलीकडच्या घरात निखिल राहायचा. तो आमच्याच कंपनीत, दुसऱ्या टीममध्ये. काका त्याचे वडील. दोन हजार वीसच्या जानेवारीत ते अमरावतीहून तीन महिन्यांसाठी आले होते, ते मुलाचं लग्न का जमत नाही याची प्रत्यक्ष जागेवर पाहणी करायला. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांचे वीस महिने झाले. निखिलचं लग्न काही जमलं नाही. काकांनी लवकरच तो विषय सोडला आणि कुंपणापलीकडे दुसरं काम शोधलं. ते काम म्हणजे माझी मुलगी, आणि खरं सांगायचं तर मीही.

नवरा कॉर्कला औषधांच्या कारखान्यात. त्याला घरून काम करता येत नव्हतं आणि लॉकडाऊनमध्ये दर आठवड्याला इतक्या लांब येताही येत नव्हतं. घरात मी आणि पाच वर्षांची जुई. शाळा बंद, ऑफिस जेवणाच्या टेबलावर. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, त्यामुळे समोरचा चुकायच्या आधीच मला त्याची चूक दिसते. हा गुण ऑफिसात चालतो. घरी मी जुईला मोजे घालायची, भात भरवायची, दात घासून द्यायची, पेन्सिलीला टोक करून द्यायची. तिने एखादी गोष्ट हातात घेतली की मी "दे इकडे, मी करते" म्हणायची. हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणते ते मला काका भेटेपर्यंत माहीत नव्हतं.

आमच्या दोन परसांमधल्या लाकडी कुंपणाची एक फळी वादळात पडली होती. त्या फटीपलीकडे काका खुर्ची टाकून बसत. सरकारने सांगितलेलं दोन मीटरचं अंतर त्यांनी पावलांनी मोजून घेतलं होतं.

एके दिवशी मी कॉलवर असताना जुई परसदारी रडायला लागली. रेनकोटची चेन लागत नव्हती. मी कानात हेडफोन, हातात लॅपटॉप अशी बाहेर धावले, एका हाताने सर्रकन चेन वर ओढली आणि परत फिरले.

"बाई, किती टाइम लागला तुले?" फटीतून आवाज आला.

"दोन सेकंद, काका."

"तिले किती लागला असता?"

"दहा मिनिटं. काका, माझी मीटिंग चालू आहे."

"हाव, तुही मीटिंग चालू हाय. तिची बी चालूच होती. तू मधातच घुसली."

मला असा राग आला की विचारू नका. मुलं वाढवणं किती सोपं असतं हे सांगणारी माणसं मला तेव्हा सगळीकडे दिसायची, त्यात हे एक. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम परसाचं दार लावून घेतलं. पण चेन तर रोजच लावायची होती आणि जुई रोजच रडत होती. चौथ्या दिवशी मीच दार उघडलं आणि म्हणाले, "बरं, मग करायचं काय?"

"काईच नाही," काका म्हणाले. "हेच तं कठीण असते."

अमरावतीच्या सरकारी आयटीआयमध्ये त्यांनी एकतीस वर्षं फिटरचा ट्रेड शिकवला होता. तिथे नव्या पोराला पहिल्या दिवशी लोखंडाचा एक तुकडा आणि कानस देतात आणि सांगतात, ही बाजू घासून सपाट कर. पंधरा-पंधरा दिवस पोरगा तेच करतो. त्या तुकड्याला ते 'जॉब' म्हणत. नोकरीच्या पहिल्या वर्षी काका तरुण होते, हुशार होते, आणि पोरांची तिरकी घासाई त्यांना बघवायची नाही. ते पोरांच्या हातातून कानस घ्यायचे आणि स्वतःच जॉब सरळ करून द्यायचे. वर्षअखेर बाहेरचा परीक्षक आला तेव्हा अर्धा वर्ग जॉब पकडायच्या वाईससमोर नुसता उभा राहिला आणि नापास झाला.

"त्यायचे सारे जॉब म्याच केले होते," काका म्हणाले. "ते कायले पास होतीन?"

त्याच महिन्यात त्यांनी शिंप्याकडून मोठ्या खिशांचा कोट शिवून घेतला. वर्गात पाऊल टाकलं की हात खिशात, बाहेर पडल्यावर बाहेर. त्यानंतर तीस वर्षं त्यांनी पोरांच्या कानशीला हात लावला नाही, असं ते सांगत. शिकवायचं ते तोंडाने, आणि तेही कमीत कमी.

मला त्यांनी पहिला धडा दिला तो हाच. पण माझ्या कपड्यांना खिसेच नव्हते. हे कळल्यावर ते चकितच झाले. साऱ्या बायका मुलांच्या कामात हात का घालतात याचं कारण आज सापडलं, असं त्यांनी जाहीर केलं. संध्याकाळी निखिल एक पिशवी कुंपणावरून देऊन गेला. आत तसाच दुसरा निळा कोट. तीन महिन्यांच्या मुक्कामाला हा माणूस वर्कशॉपचे दोन कोट घेऊन आला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी नाश्त्याच्या वेळी तो कोट घालून, हात खिशात घालून, ओट्याला टेकून उभी राहू लागले. जुईने प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, वाटी काढायची, कॉर्नफ्लेक्स घ्यायचे, दुधाचा दोन लिटरचा कॅन उचलून दूध ओतायचं. पहिल्या दिवशी अर्ध्याहून जास्त दूध टेबलावर गेलं. माझी बोटं खिशात वळवळत होती. कुंपणाच्या फटीपलीकडून, उघड्या खिडकीतून काका बघत होते.

"सांडू दे नं. फडकं कायले असते मंग?"

जुईने फडकं आणलं. पुसताना आणखी पसरलं. मग दुसरं फडकं आणलं. पंचवीस मिनिटं गेली आणि माझी पहिली मीटिंगही गेली. पण वाटीत जेवढं दूध होतं ते तिने स्वतः ओतलं होतं, आणि त्या दिवशी तिने वाटी चाटून पुसून संपवली. एरवी तिला भरवताना मला नाक घासावं लागे.

शाबासकी हा प्रकार काकांकडे नव्हता. इथल्या शाळेत ऊठसूट 'गुड गर्ल', 'वेल डन', वर चांदणीचा स्टिकर. काका काम पुरं झालं की एकच शब्द बोलत: "झाला." म्हणजे जॉब झाला. पुरा झाला नसेल तर गप्प बसत. पहिले काही दिवस जुई त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची, मला विचारायची, "इज ही क्रॉस विथ मी?" मग हळूहळू त्या एका शब्दासाठी ती इतकी झटायला लागली की स्टिकरची वही कुठे पडली ते कुणालाच आठवेना.

त्यांनी सामानात आणलेली आणखी एक चमत्कारिक वस्तू म्हणजे गुण्या. काटकोन तपासायचं ते लोखंडी हत्यार. कपडे कमी घेऊन माणूस गुण्या घेऊन विमानात कशाला बसेल, ते मला आजही सांगता यायचं नाही. जॉबला गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. मधून उजेड आला तर जॉब अजून सरळ नाही. जुई टॉवेलची घडी घालून कुंपणाशी घेऊन जायची. काकांनी गुण्या तिला देऊन टाकला होता. तीच तो घडीच्या कोपऱ्याला लावायची आणि एक डोळा मिटून बघायची.

"उजेड दिसते?" काका विचारत.

"अ बिट," ती प्रामाणिकपणे सांगायची आणि घडी मोडून पुन्हा बसायची. ती इंग्रजीत, ते वऱ्हाडीत. दोघांचं कधी अडलं नाही.

काम चालू असताना तिला हाक मारायची मला बंदी होती. मला तोवर कळलंच नव्हतं की मी तिला किती हाका मारते. पाणी पी, टोपी घाल, ताठ बस, मोजे कुठे आहेत. काकांनी कुंपणाला खिळा ठोकून घेतला, निखिलकडून, आणि जुई जॉबला बसली की त्या खिळ्यावर ते तिला आपला लाल रुमाल लावायला सांगत. लाल रुमाल म्हणजे मशीन चालू. एकदा कॉर्कहून नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा रुमाल लागलेला होता. जुई शेंगा सोलत होती. मी त्याला कुजबुजत म्हणाले, "थांब, तिचं काम चाललंय." तो बिचारा वीस मिनिटं मुलीच्या पाठीकडे बघत बसला. मग म्हणाला, "ही इतका वेळ एका जागी बसते?" मला रडू आलं, आणि ते का आलं हे त्याला सांगता येईना.

ऑक्टोबरात पुन्हा निर्बंध आले. मूल घेऊन एकटं राहणाऱ्याला एका दुसऱ्या घराशी येणंजाणं ठेवायची मुभा होती. आम्ही निखिलचं घर निवडलं आणि काका पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात आले. मी चहा दिला की ते म्हणत, "ठेव तिथं." चहा गार व्हायचा. मी दुसऱ्या खोलीत गेले की कप रिकामा झालेला असायचा. मला वाटायचं, त्यांची तऱ्हा.

एक दिवस गॅसवर दूध ठेवून मी फोनवर बोलत होते. दूध वर आलं. काका गॅसच्या अगदी जवळ होते. त्यांचा उजवा हात खिशातून बाहेर आला, बटणापर्यंत गेला आणि तिथेच थरथरत राहिला. नुसता थरथरत नव्हता, हलत होता, एखाद्याने मनगट धरून हलवावा तसा. त्यांनी डाव्या हाताने उजवा धरला. दूध ऊतू गेलं. गॅस जुईने बंद केला.

जुईने फडकं आणलं.

"निखिलले सांगू नको," काका शेवटी म्हणाले. "मले घरी जायाचं हाय."

मग त्यांनी सांगितलं. काकू जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून निखिल आणि त्याची पुण्यातली बहीण मागे लागले होते की अमरावतीचं घर बंद करा आणि पुण्याला राहा. हात हलायला लागल्याला वर्ष झालं होतं. हे मुलांना कळलं की अमरावती संपली.

"ते लोकं वाईट नाईत, बाई. लय चांगले हायेत. त्याचंच तं भेव वाटते. घास बी तोंडात घालतीन."

मी कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं. आणि तीन आठवड्यांनी मी निखिलला सांगितलं.

त्याचं समर्थन करायचं तर करता येईल. ते एकटे जिना चढत होते, एकटे आंघोळीला जात होते. माझ्या डोक्यात रोज नवं काहीतरी पडत होतं, फुटत होतं. चूक घडायच्या आधी ती दिसते हा माझा जुना रोग. मी निखिलला बाहेर गाठून सगळं सांगितलं आणि घरी आल्यावर मला हलकं वाटलं. फायदाही झाला, नाही असं नाही. निखिलने डॉक्टरांना दाखवलं, कंपवाताचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, थरथर थोडी कमी झाली. पण त्या आठवड्यापासून निखिल बापाचे मोजे घालायला लागला. पोळी कुस्करून द्यायला लागला. बटणांचे शर्ट जाऊन टीशर्ट आले, लेसचे बूट जाऊन चिकटपट्टीचे आले. आणि ठरलं: विमानं नीट सुरू झाली की काका पुण्याला, बहिणीच्या फ्लॅटवर.

मी काकांची माफी मागायला कुंपणाशी गेले. टीशर्टमध्ये ते एवढेसे दिसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "उजेड दिसते, बाई."

एवढंच. त्यानंतर दोन आठवडे ते परसात आले नाहीत.

जुईला मी काय केलं ते सांगून टाकलं. पाच वर्षांच्या मुलीला सांगायला मला जितकी लाज वाटली तितकी कधी कुणासमोर वाटली नव्हती. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या अंगावरचा निळा कोट मागितला, घडी घातली, कोपऱ्याला गुण्या लावून पाहिला आणि निखिलच्या दाराशी जाऊन उभी राहिली. काकांनी दार उघडलं. तिने कोट पुढे केला.

"टुडेज जॉब," ती म्हणाली. "फाइव्ह बटन्स."

काका तिच्यावर ओरडले. मी कुंपणापाशी उभी होते, मला ऐकू आलं. "जा घरी. मस्करी कराले मी भेटलो काय?" दार बंद झालं. ती हलली नाही. स्वेटरच्या खिशांत हात घालून पायरीवर बसून राहिली. बारीक पाऊस पडत होता. माझा पाय दोनदा उचलला गेला. मी तो दोनदा खाली ठेवला. किती वेळ गेला मला माहीत नाही, पण तिचे केस पूर्ण भिजले होते तेव्हा दार पुन्हा उघडलं आणि काका म्हणाले, "रुमाल कुठं हाय?"

त्या हिवाळ्यात शाळा पुन्हा बंद झाल्या. नाताळनंतर ते मार्चपर्यंत रोज सकाळी दहा वाजता आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीला लाल रुमाल लागायचा. टेबलाच्या एका बाजूला जुई, बुटाच्या लेसची गाठ शिकत. दुसऱ्या बाजूला काका, पाच बटणं. दोघंही बोलत नसत. टेबलाच्या तिसऱ्या बाजूला मी लॅपटॉप उघडून बसलेली. काकांनी पहिल्या दिवशी पाऊण तासात एक बटण लावलं आणि घामाघूम झाले. दुसऱ्या दिवशी तेही लागलं नाही. जुई आपली गाठ सोडून त्यांच्याकडे बघायची, हात खिशात. कधी तिची गाठ आधी व्हायची, कधी त्यांचं बटण. काका स्वतःला "झाला" म्हणत नसत. जॉब करणाऱ्याने ते म्हणायचं नसतं, असा त्यांचा नियम होता. आणि मला ते म्हणायचा अधिकार उरला नव्हता.

बाहेर दिवसभर अंधारल्यासारखं असायचं. जगात रोज काहीतरी भयंकर चाललेलं असायचं. अमरावतीच्या बातम्याही चांगल्या नव्हत्या. आणि तरी मी आज कुठला काळ परत मागेन असं कुणी विचारलं तर मी ते अडीच महिने मागेन. त्या टेबलाभोवती कुणी कुणाचं काही करून देत नव्हतं, आणि मला इतकी सोबत आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

ऑगस्टमध्ये निखिलने पुण्याची तिकिटं पाहायला घेतली. काका म्हणाले, "मले परीक्षा दे."

"कसली परीक्षा, बाबा?"

"प्रॅक्टिकल. सकाळी उठाचं, आंग धुवाचं, कपडे घालाचे, चहा कराचा. पास झालो तं अमरावती. नापास झालो तं तू म्हणशीन तिथं."

निखिल माझ्याकडे बघायला लागला. या वेळी मी काही बोलणार नव्हते.

परीक्षा रविवारी ठेवली. निखिल परीक्षक. परीक्षकाच्या अंगात निळा कोट हवा असं जुईचं म्हणणं पडलं, म्हणून माझ्याकडचा कोट निखिलला गेला. लाल रुमाल जिन्याच्या कठड्याला. काका सात वाजता उठले. आंघोळ करून खाली यायला त्यांना नऊ वाजले. अंगात शर्ट, बटणं लागलेली, एक घर चुकून खालीवर झालेलं. त्यांनी आरशात पाहिलं, चूक ओळखली, सगळी सोडली आणि पहिल्यापासून लावली. आम्ही तिघं भिंतीशी उभे. मग चहा. पातेलं त्यांनी दोन्ही हातांनी धरून शेगडीवर ठेवलं. साखर ओट्यावर सांडली ती त्यांनी पुसली. गाळताना बशीत अर्धा चहा गेला. कपात अर्धा राहिला. तो कप त्यांनी ओट्यावरच ठेवला, वाकले आणि तोंड कपाला लावून प्यायले. असा चहा पिताना माणूस कसा दिसतो याची त्यांनी आमच्यासमोर आज पर्वा केली नाही.

शेवटी कोट. चार बटणं लागली. पाचवं, गळ्याजवळचं, लागेना. हात दमला होता. बटण घराच्या कडेला जायचं आणि निसटायचं. एकदा, चारदा, दहादा. निखिलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा उजवा हात कोटाच्या खिशातून बाहेर आला.

"हात खिशात," जुई म्हणाली.

मराठीत म्हणाली, आणि अशा आवाजात की निखिलने खरंच हात परत घातला. काका थांबले. श्वास घेतला. डावा हात टेबलाच्या कडेवर दाबून स्थिर केला, मान खाली घातली आणि बटण पुन्हा धरलं. ते लागलं तेव्हा घड्याळात साडेदहा वाजले होते. सगळे निखिलकडे बघायला लागले.

त्याने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. मग म्हणाला, "नागपूरपर्यंतचं तिकीट काढतो. पुढे टॅक्सीने जा, बाबा. बसने जायचं नाही."

"बसनंच जाईन," काका म्हणाले.

सप्टेंबरात ते गेले. विमानतळाकडे निघताना त्यांनी आमच्या घरातला कोट परत मागितला नाही. गुण्या तर जुईचाच होता. मला त्यांच्या पाया पडायचं होतं. मी वाकले तर त्यांनी खिशातून हात काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. तो डोक्यावर हलत होता. त्यांनी तो लपवला नाही, आणि मीही लवकर उठले नाही.

गेल्यावर त्यांनी एकच अट घातली: तुम्ही फोन करायचा नाही, मी करीन. दर रविवारी. आता आम्हीही कॉर्कला राहायला आलो आहोत. कोट स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेला असतो. जुई सगळं स्वतः करते, मला फारसं विचारत नाही, आणि कधी कधी मला तेही सहन होत नाही. तिच्या मोज्यांसाठी सुद्धा जीव तुटतो. त्याहून जास्त त्या फळी पडलेल्या कुंपणासाठी. काकांना मी रोज फोन करू शकले असते. मला रोज करावासा वाटतो.

डिसेंबरातल्या एका रविवारी फोन वाजला आणि एका रिंगमध्ये कट झाला. बोट घसरलं असणार. पुन्हा वाजला, कट झाला. तिसऱ्यांदा अर्धी रिंग. मग दहा मिनिटं काहीच नाही. मी फोन उचलला. नाव समोर होतं, नुसतं दाबायचं होतं. दोन सेकंदांचं काम. जुई टेबलापलीकडून माझ्याकडे बघत होती. तिने उठून दारामागचा कोट काढला आणि माझ्यासमोर धरला.

मी कोट घातला. हात खिशात घातले. आम्ही दोघी टेबलावरच्या फोनकडे बघत उभ्या राहिलो. अमरावतीत एक माणूस चष्मा वर करून, डावा हात टेबलाच्या कडेवर दाबून, बोट एका जागी आणायची खटपट करत होता, हे मला इथून दिसत होतं.

फोन वाजला. वाजत राहिला. जुईने तो उचलला, कानाला लावला, आणि तिकडून कुणी काही बोलायच्या आत म्हणाली, "झाला."